तेरा बोल्ट

तेल गळू नये म्हणून लावायचं गॅस्केट गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या पॅनच्या कडेवर धरून पाहिलं, तर भोकं जुळेनात. एका कोपऱ्यात दोन-तीन बरोबर आल्यासारखी वाटली, पुढची अर्ध्या बोटानं सरकली, आणि मागच्या बाजूला कॉर्कची पट्टी पॅन सोडून सरळ हवेत गेली. वर चार स्टँडांवर १९६९ ची शेव्हरोलेट शेव्हेल एसएस ३९६, खाली पाठीवर आडवा झालेला माणूस, शेजारी ट्रेमध्ये लालसर तपकिरी तेल आणि त्याच तेलाचा मनगटावरून कोपराकडे निघालेला एक ओघळ. बोल्ट काढतानाच मोजले होते, तेरा. दुकानातून आणलेल्या गॅस्केटला भोकं तेरा. पाकिटावर जनरल मोटर्सच्या एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाव, टर्बो हायड्रामॅटिक ३५०, असं छापलेलं, आणि ३५० बाजारात आला तोही १९६९ च्याच मॉडेलांबरोबर. गाडी तीन गिअरची आहे हे तर चालवतानाच कळलं होतं. सगळा हिशेब चोख. फक्त त्या गाडीखाली ३५० नव्हता, ४०० होता, आणि ४०० च्या पॅनलाही बोल्ट तेराच असतात.

नुकसान म्हणाल तर विशेष काही नाही. दुसरं गॅस्केट आणायचं, गाडी आणखी अर्धा दिवस स्टँडवर राहील. तरी ही चूक मनातून जात नाही, कारण ती निष्काळजीपणातून झालेली नाही. मोजणाऱ्यानं मोजलं होतं, वर्ष पाहिलं होतं, गिअर किती तेही पाहिलं होतं. जुन्या अमेरिकन मसल कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओळखायला बसलेला प्रत्येक जण सुरुवात इथूनच करतो, कारण प्रत्येकाला कुणीतरी हेच शिकवलेलं असतं की पॅनचे बोल्ट मोज. सल्ला वाईट नाही, अर्धा आहे. जनरल मोटर्सच्या ३५० ला आणि ४०० ला तेरा-तेरा. शेव्हरोलेटच्या पॉवरग्लाइडला चौदा, आणि क्रायस्लरच्या ७२७ ला नि ९०४ लाही चौदाच. फोर्डच्या सी-४ ला अकरा, तर जनरल मोटर्सच्या पुढे आलेल्या टर्बो २०० लाही अकरा. ऐंशीच्या दशकातले चार गिअरचे ७००-आर४ आणि २००-४आर, दोघांनाही सोळा. फोर्डच्या सी-६ चे सतरा तेवढे या घोळक्यातून वेगळे उठून दिसतात.

नुसता आकडा कुणाचंच नाव सांगत नाही.

म्हणून मोजून झालं की पॅनच्या कडेवरून बोट फिरवावं. उजेड कमी असला, पन्नास वर्षांची धूळ आणि तेल मिळून वर डांबराचा थर झाला असला, तरी बोटाला आकार कळतो. ३५० चा पॅन जवळजवळ चौकोनी असतो; चारपैकी एकच कोपरा, मागचा आणि प्रवाशाच्या बाजूचा, तिरपा उतरवलेला. थापलेल्या वड्यांच्या ताटातून कोपऱ्यातली एक वडी आधीच कुणी उचलून नेली असावी तसा. ४०० चा पॅन मात्र कुठल्याच भूमितीत बसत नाही. त्याची कड आत येते, बाहेर जाते, एका अंगाला फुगते. अमेरिकेतल्या मेकॅनिकांना त्यात टेक्सास राज्याचा नकाशा दिसतो, आणि एकदा कुणी तसं सांगितलं की आपल्यालाही दुसरं काही दिसत नाही. इथे फसण्याची जागा एकच. हौशी मालक जास्त तेल मावावं म्हणून खोल पॅन लावतात, कुणी क्रोमचा, कुणी अंगावर पट्ट्यांसारखे पंख असलेला ॲल्युमिनियमचा. पोट कितीही बदललं तरी कड बदलत नाही, कारण ती वरच्या केसवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचावर, बसायची असते. आकार पाहायचा तो कडेचा, पोटाचा नाही.

दुसरी एक साधी गोष्ट, पण आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसाला हमखास नडणारी. आपल्याकडे मेकॅनिक ड्रायव्हर साइड म्हणतो तेव्हा हात उजवीकडे जातो. त्या गाड्यांत ड्रायव्हर डावीकडे बसतो. शिवाय गाडीची डावी-उजवी बाजू नेहमी सीटवर बसून पुढे पाहणाऱ्याच्या हिशेबानं सांगतात, आणि गाडीखाली डोकं इंजिनाकडे करून उताणं झोपलं की दोन्ही बाजू उलट्या होतात. खडूनं केसवरच डा आणि उ लिहून ठेवणं चांगलं. हे पोरकट वाटेल, पण पुढे जे सांगायचं आहे ते सगळं बाजूंवरच अवलंबून आहे.

कारण ३५० आणि ४०० यांच्यातला खरा फरक पॅनमध्ये नाही, त्यांच्या कानात आहे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की गिअरबॉक्सला ते ऐकू जावं लागतं, म्हणजे तो एक गिअर खाली उतरून ओव्हरटेकला जोर देतो. यालाच किकडाउन म्हणतात. ३५० ला हे ऐकू येतं एका पोलादी केबलनं. ती कार्ब्युरेटरपासून निघते आणि केसच्या उजव्या अंगात शिरते. ४०० ला ते ऐकू येतं विजेनं. पेडल किंवा कार्ब्युरेटरपाशी एक स्विच असतो, पाय पूर्ण दाबला की त्यातून १२ व्होल्ट निघतात आणि डाव्या अंगाला केसमध्ये बसवलेल्या लहानशा जोडणीतून आतल्या सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेपर्यंत, जातात. तेव्हा डाव्या बाजूला वायर दिसली तर ४००, उजव्या बाजूला केबल दिसली तर ३५०. वायर तुटून गेलेली असेल तरी तिची पितळी पट्टी केसमध्ये उरलेली असते. केबल काढून टाकलेली असेल तरी तिचं भोक राहतं, कुणीतरी ते कशानं तरी बुजवलेलं असतं. त्या शेव्हेलखाली पॅनला हात लावण्याआधी मान जरा वळवून डावी बाजू पाहिली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि डावीकडे एकाऐवजी दोन पट्ट्या दिसल्या तर थांबावं, कारण हाती काहीतरी दुर्मीळ लागलेलं असू शकतं. १९६५ ते १९६७ या काळात ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक यांच्या ४०० मध्ये टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या, आतल्या पात्यांचा कोन विजेनं बदलायची सोय होती; दुसरी पट्टी तिच्यासाठी. असा गिअरबॉक्स साधा ४०० समजून साध्या कन्व्हर्टरला जोडायला गेलं तर आतले शाफ्ट जुळत नाहीत.

या दोन्ही गिअरबॉक्सना उजव्या अंगाला पत्र्याची एक गोल डबी असते आणि तिच्यातून एक बारीक नळी वर इंजिनाकडे जाते. तिला व्हॅक्यूम मॉड्युलेटर म्हणतात. इंजिनाच्या मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम पेडल हलकं असताना जास्त असतो, दाबलं की पडतो. त्यावरून गिअरबॉक्स ठरवतो की क्लचवर दाब किती ठेवायचा आणि गिअर कधी बदलायचा. ओळख पटवायला ही डबी उपयोगाची नाही, ती दोघांनाही आहे. पण तिच्याजवळून पुढे सरकवत नाही. तिच्या आतला रबरी पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढून पिऊ लागतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, डिपस्टिकवर तेल दर आठवड्याला कमी, आणि जमिनीवर एक थेंब नाही. अशा धुरावरून कितीतरी चांगल्या इंजिनांची हेड विनाकारण उतरवली गेली असतील. तपासायला मिनिट लागत नाही. डबीवरची नळी ओढून काढायची. आत तेलाचा ओलावा असेल तर पडदा गेला. नवा मॉड्युलेटर पूर्ण इंजिनकामाच्या मानानं चणे-फुटाण्यांच्या भावात येतो.

पॉवरग्लाइड ओळखायला खरं तर गाडीखाली जावंच लागत नाही. मुंबईच्या जुन्या फियाट टॅक्सीत स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा पाहिलेल्यांना या गाड्यांमधला दांडा परका वाटणार नाही. फक्त इथे त्याच्यासमोर अक्षरांची एक पट्टी असते. त्या पट्टीवर पी, आर, एन, डी आणि शेवटी एकटा एल दिसला, की पुढे जायचे गिअर दोनच. पट्टी बदललेली असू शकते, म्हणून रिकाम्या रस्त्यावर जाऊन ऐकावं. पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढत जातो, चढतच राहतो, आता बदलेल असं वाटतं तरी बदलत नाही, आणि मग एकदाच, एका लांब उसाशासारखा, आवाज खाली उतरतो. त्यानंतर काही नाही. पहिल्या गिअरचं गुणोत्तर १.७६ किंवा १.८२, म्हणजे सुरुवातीचा धक्का मऊ. ३५० मध्ये हेच २.५२ आहे, ४०० मध्ये २.४८, आणि आवाज दोनदा उतरतो. तो फरक कानाला आणि पाठीला दोन्हीकडे कळतो. खाली जाऊन पाहिलंच तर ॲल्युमिनियमच्या पॉवरग्लाइडच्या अंगावर बहुतेक वेळा त्याचं नावच ओतलेलं सापडतं. नाव नसेल, गिअर दोनच असतील आणि गाडी ब्यूक, ओल्ड्समोबिल किंवा पॉन्टियाकची असेल, तर तो सुपर टर्बाइन ३०० किंवा त्याचं भावंड. दिसायला पॉवरग्लाइडसारखा, पण आतला एकही महत्त्वाचा भाग त्याला चालत नाही. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ, जिच्यापासून मसल कारचा काळ मोजायची रीत आहे, तिच्या ऑटोमॅटिकमध्येही हाच दोन गिअरचा गिअरबॉक्स होता. १९६७ मध्ये तिला ४०० मिळाला. पहिली तीन वर्षं एवढ्या ताकदीचं इंजिन दोन गिअरांवर धावलं, हे आजही ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही.

पॉवरग्लाइडला हिणवायची जी सवय पडली आहे ती मला पटत नाही. भाग कमी, बिघाड कमी, स्वतः फिरण्यात ताकद खातो तीही कमी. म्हणूनच ड्रॅग रेसिंगवाले आजही त्याच्या आधारावरचे गिअरबॉक्स वापरतात. पण रोजच्या रस्त्यावर तीन गिअर बरे, हेही खरं, आणि म्हणून गेल्या पन्नास वर्षांत हजारो गाड्यांखालून पॉवरग्लाइड उतरले आणि ३५० चढले. ती अदलाबदल इतकी सोपी होती की मोह आवरणं कठीण. पॉवरग्लाइडची लांबी साधारण २७ ९/१६ इंच. सहा इंची शेपटीचा, म्हणजे मागच्या निमुळत्या भागाचा, ३५० साधारण २७ ११/१६ इंच. फरक एक अष्टमांश इंचाचा. मागे बाहेर येणाऱ्या शाफ्टवर खाचा दोन्हींना २७. म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट तोच, तो गिअरबॉक्सला जोडणारा योक तोच, आणि गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी, क्रॉसमेंबर, जागची हलत नाही. ४०० बसवायचा तर मात्र मागचा माउंट सुमारे सहा इंच मागे जातो, खाचा ३२ होतात, योक जाड लागतो, शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. हे उलटं वाचलं की गाडीचा इतिहास हाती येतो. गाडीखाली ४०० असेल आणि क्रॉसमेंबरची भोकं ड्रिलनं नव्यानं पाडलेली, कडा अजून खरखरीत असतील, तर तो कारखान्यातून आलेला नाही. ३५० असेल तर मात्र खालून कळणं अवघड. तिथे वर्षच बोलतं: १९६८ किंवा त्याआधीच्या शेव्हेल वा कॅमारोखाली ३५० असेल, तर तो मागाहून आला आहे, दुसरी शक्यता नाही. शेपटीची लांबीही पाहावी, कारण ३५० ला सहा, नऊ आणि बारा इंचांच्या शेपट्या लागत. आणि एखाद्या गाडीखाली अंगानं ४०० पण मागे खाचा २७ असा गिअरबॉक्स सापडला, तर शेपटीच्या तळाशी ३७५ हा ओतीव आकडा शोधावा; सापडला तर तो ४०० चंच ३७५ नावाचं भावंड.

अशा बदललेल्या गाडीबद्दल काय वाटावं, हे ठरवणं सोपं नाही. मूळ नग शाबूत असलेल्या गाडीला दुप्पट भाव मागणारे असतात, आणि मूळ नग काढून टाकून गाडी वीस वर्षं रोज चालवणारेही असतात. दुसऱ्याच्या गाडीवर पावसाचे डाग आहेत, सीटची शिवण उसवलेली आहे, आणि ती अजून रस्त्यावर आहे. मूळ पॉवरग्लाइड गॅरेजच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून राहिलेला असतो, बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिनाला लागणाऱ्या घंटेसारख्या तोंडात, कोळ्याचं जाळं. तो भंगारात दिला असेल तर वाईट वाटतं. जपून ठेवला असेल तर चालवणाऱ्याबद्दल मनात काहीच किल्मिष राहत नाही.

जनरल मोटर्सच्या गाड्यांत आणखी एक जागा पाहिल्याशिवाय बाहेर येऊ नये, ती म्हणजे बेलहाउसिंगचा माथा, जिथे गिअरबॉक्स इंजिनाला भेटतो. शेव्हरोलेटच्या नगाचा माथा मधोमध उंचवटा घेऊन वर जातो. ब्यूक, ओल्ड्समोबिल, पॉन्टियाक यांच्या नगाचा माथा मधोमध खाली दबतो, दोन टेकड्यांमध्ये खिंड असावी तसा. आतून ४०० म्हणजे ४०० च, पण या दोन माथ्यांचे बोल्ट एकमेकांना लागत नाहीत. शेव्हरोलेटच्या इंजिनामागे खिंडीचा माथा असलेला ४०० आणि मध्ये एक जाडशी अडॅप्टर प्लेट दिसली, की तो एखाद्या भंगारातल्या मोठ्या ब्यूकमधून आला आहे असं खुशाल समजावं. चालेल छान. पण मूळचा म्हणून विकत असतील तर उठून निघावं.

फोर्डकडे आलं की डोळ्यांना विश्रांती मिळते, कारण तिथले तिघं एकमेकांसारखे दिसत नाहीत. १९६४ साली आलेला सी-४ लहान, ॲल्युमिनियमचा, आणि त्याचं बेलहाउसिंग वेगळं. केस आणि बेलहाउसिंग यांच्यातली जोडरेघ बोटाला लागते. १९६६ चा सी-६ एकाच ओतकामात बेलहाउसिंगसकट घडवलेला, जोडरेघ नाही, अंगानं धिप्पाड, पॅनला सतरा बोल्ट. तिसरा एफएमएक्स, आणि त्याच्यासाठी खिशात एक चुंबक पुरे. त्याचं मधलं धड बिडाचं आहे, पुढचं बेलहाउसिंग आणि मागची शेपटी ॲल्युमिनियमची. चुंबक मधे चिकटतं, पुढे-मागे घसरतं. १९६९ ची मस्टँग मॅक १ घ्या. ३५१ इंजिन असेल तर ऑटोमॅटिक एफएमएक्स, ४२८ कोब्रा जेट असेल तर सी-६. ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीत गिअरबॉक्सचं अक्षर असतं: १९६७ पासूनच्या मस्टँगमध्ये डब्ल्यू म्हणजे सी-४, यू म्हणजे सी-६, एक्स म्हणजे एफएमएक्स. ही पट्टी गाडी कारखान्यातून काय घेऊन निघाली ते सांगते. आज खाली काय आहे ते चुंबक सांगतं. दोघांचं एकमत झालं की समाधान होतं.

सी-४ मध्ये दोन बारकावे आहेत आणि दोन्ही खिशाला लागणारे. एक, डिपस्टिकची नळी काही नगांत पॅनमध्ये शिरते, काहींत केसमध्ये. पॅनमध्ये शिरणारी असेल तर पॅन काढण्याआधी नळीचा नट सैल केला की तेल तिथूनच धारेनं उतरतं, चेहऱ्यावर येत नाही. पण या दोन नगांचे पॅन आणि फिल्टर वेगळे, मागवताना हे सांगावंच लागतं. दोन, १९६४ ते १९६६ च्या सी-४ ची अक्षरपट्टी. तिच्यात डी च्या जागी दोन ठिपके असतात, एक लहान आणि एक मोठा हिरवा. मोठ्या ठिपक्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये निघते, लहानावर सरळ दुसऱ्यात. निसरड्या रस्त्यासाठी ती सोय होती. हे ठाऊक नसलेला नवा मालक लहान ठिपक्यावर गाडी चालवतो, ती सुस्त निघते, आणि तो पहिला गिअर गेला म्हणून गिअरबॉक्स उतरवायला देतो. १९६७ मध्ये ठिपके जाऊन डी, २, १ आले. तेलाचंही लक्षात ठेवावं. त्या काळच्या फोर्डना टाइप एफ तेल, जनरल मोटर्स आणि क्रायस्लरना डेक्सरॉन. दोन्ही लाल, दोन्हींचा वास सारखा, पण क्लचच्या चकत्यांवर ती वेगवेगळी वागतात.

क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटबद्दल बोलताना आवाज थोडा बदलतो, कारण तो खरोखर सुरेख गिअरबॉक्स आहे. मॉड्युलेटरची डबी नाही, किकडाउनसाठी विजेची वायर नाही. कार्ब्युरेटरपासून एक दांडी येते आणि डाव्या अंगाच्या तरफेला मिळते, बस्स. १९६४ पर्यंत दांड्याऐवजी डॅशबोर्डवर बटणं होती, आणि १९६५ पर्यंतच्या नगांत मागेही एक पंप होता, त्यामुळे बॅटरी उतरली तर गाडी ढकलून सुरू करता येई. १९६६ पासून तो पंप गेला. दोन भावंडं: ९०४ धाकटा, ७२७ थोरला. दोघांना बोल्ट चौदा, तीन गिअरांची गुणोत्तरं तीच, म्हणून चालवून काही कळत नाही. मागचा शाफ्ट पाहावा. ९०४ ला खाचा २६, ७२७ ला ३०, आणि ७२७ चा योक हातात घेतल्यावरच भारी लागतो. ३४० इंजिनाच्या डॉज डार्ट किंवा प्लिमथ डस्टरखाली ९०४ सापडला, तर तो नंतर कुणीतरी बसवलेला, कारण ३४० मागे कारखाना ७२७ च लावत असे. बेलहाउसिंग इथे केसचाच भाग आहे, तेव्हा लहान ब्लॉकच्या इंजिनाचा ७२७ मोठ्या ब्लॉकला लागणार नाही, वरून दोन्हींवर काहीही लिहिलेलं असो.

त्या दांडीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. नवा, दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर बसवताना तिची जोडणी जुळत नाही, आणि माणूस ती काढून बाजूला ठेवतो. ३५० ची केबल अशी काढली तर फक्त किकडाउन जातो, गिअरबॉक्स जगतो. टॉर्कफ्लाइटमध्ये त्याच दांडीवर आतला दाब ठरतो. ती नसली की इंजिन पूर्ण ताकदीनं ओढत असताना गिअरबॉक्सला वाटतं गाडी रमतगमत चालली आहे. दाब कमी राहतो, चकत्या घसरतात, तापतात, जळतात. डिपस्टिकवर करपल्याचा वास येतो तोवर फार उशीर झालेला असतो. हीच गोष्ट नंतरच्या ७००-आर४ आणि २००-४आर यांच्या केबलची. हायवेवर इंजिन शांत राहावं म्हणून बरेच जण जुन्या शेव्हेलखाली हे चार गिअरचे नग घालतात, आणि उजवीकडची केबल पाहून कुणी त्याला ३५० समजला, सैल सोडली तरी चालेल म्हणाला, तर गिअरबॉक्स पहिल्याच लांब फेरीत संपतो. बोल्ट सोळा आहेत की तेरा, हे तेव्हा मोजायला हवं होतं. पातळी तपासतानाही क्रायस्लर वेगळा आहे: इंजिन चालू, तेल गरम, दांडा न्यूट्रलवर. त्या काळच्या टॉर्कफ्लाइटमध्ये पार्कवर कन्व्हर्टरला तेल जात नाही, म्हणून पार्कवर घेतलेलं माप खोटं येतं. जनरल मोटर्स आणि फोर्ड पार्कवर.

अमेरिकन मोटर्सच्या जॅव्हेलिन आणि एएमएक्सबद्दल थोडक्यात: १९७१ पर्यंत बिडाचा बोर्ग-वॉर्नर, १९७२ पासून क्रायस्लरचाच टॉर्कफ्लाइट. चुंबक लावा.

सगळ्यात शेवटी अंगावरचे आकडे. ४०० च्या उजव्या अंगाला पत्र्याची छोटी पट्टी असते, आधी वर्षाचे दोन आकडे, मग कोणत्या गाडी-इंजिनासाठी ते सांगणारी अक्षरं, मग अनुक्रमांक. टॉर्कफ्लाइटमध्ये डाव्या बाजूला, पॅनच्या वरच्या कडेवर ठोकलेले आकडे सापडतात. भागाचा सात आकडी क्रमांक आणि त्यामागे चार आकडे, कंपनीनं एका ठरलेल्या दिवसापासून मोजलेला दिवस. ते वाचायला रॉकेलचा बोळा आणि पितळी ब्रश घ्यावा, पोलादी नाही. पोलादी ब्रश मऊ ॲल्युमिनियमवरून दोनदा फिरला की आकड्यांच्या कडाच जातात. साठच्या दशकाच्या अखेरीपासून बहुतेक नगांवर गाडीच्या चासी नंबरचा शेवटचा तुकडाही ठोकलेला आहे, आणि मूळ नगाचा खरा पुरावा तोच. म्हणूनच तो खोटाही ठोकला जातो. खऱ्या ठशातले आकडे क्वचितच एका ओळीत असतात. कारखान्यात घाईनं ठोकलेले, एखादा खोल, एखादा तिरका, भोवतीच्या ओतकामाची खरबरीत कातडी जशीच्या तशी. ठशाभोवतीची जागा गुळगुळीत घासलेली आणि आकडे शाळेतल्या पुस्तकासारखे सरळ दिसले, तर टॉर्च तिरपा धरून पुन्हा पाहावं. पुसलेल्या जुन्या आकड्यांची सावली कधीकधी तिरप्या उजेडात वर येते.

शेव्हेलखाली आता ४०० चं गॅस्केट आलं आहे. पॅन रॉकेलनं धुतला. तळाशी राखाडी, बोटांत मऊ लागणारा गाळ होता, तो क्लचच्या झिजेचा, इतक्या वर्षांत चालायचाच. पितळी चमकणारे कण नव्हते. पॅनची कड पाटावर उलटी ठेवून पाहिली. मागच्या कुणीतरी गळती थांबावी म्हणून बोल्ट भलतेच आवळले होते, प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचलला होता. तो लाकडावर ठेवून हातोडीनं हलकेच सपाट केला, कारण तसाच बसवला असता तर कॉर्क भोकांपाशी चिरडला असता आणि दोन भोकांच्या मधून तेल झिरपत राहिलं असतं. तेरा बोल्ट आधी हातानं लावले, मग समोरासमोरचे आळीपाळीनं, शेवटी टॉर्कच्या पान्यानं बारा फूट-पाउंडांवर. पाना टक करतो तिथे थांबायचं. आधी चार क्वार्ट तेल, मग इंजिन सुरू करून दांडा सगळ्या अक्षरांवरून एकदा फिरवला, आणि पार्कवर डिपस्टिक पाहत थोडंथोडं.

चुकीचं गॅस्केट टाकलं नाही. भिंतीवर, पान्यांच्या शेजारी, एका खिळ्याला ते अडकवलं आहे. त्यावर मार्करनं ३५० लिहिलंय आणि खाली बाण काढून, कापलेला कोपरा मागे उजवीकडे. शेजारच्या खिळ्याला ४०० चं जुनं, तेलानं काळं पडलेलं, एका ठिकाणी तुटलेलं. तिसरा खिळा ठोकून ठेवलाय, पॉवरग्लाइडसाठी.